मेहुण्याचं पोट

आवाजमावशीने आजवर चारशे माणसांची हाडं मोडली होती, बावीस बायकांना जिन्यावरून ढकललं होतं आणि एकदा तर एकटीने अख्खं सैन्य नदीपार नेलं होतं. तेही बसल्या जागेवरून, चार करवंट्या आणि एक पाण्याची बादली घेऊन.

सिनेमात कुणाचं हाड मोडलं की इकडे बंद खोलीत मावशी काकडी मोडायची. कडाड्! बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. मग त्याच काकडीला मीठ लावून ती खाऊन टाकायची. "पुरावा मागे ठेवू नये," म्हणायची.

हा तिचा धंदा. सिनेमाचं शूटिंग होताना पावलं, दारं, कपड्यांची सळसळ हे आवाज धड येत नाहीत. मग नंतर कुणाला तरी पडद्याकडे बघत बघत ते सगळे नव्याने करावे लागतात. तीस वर्षं मावशी ते करत होती. तिची खोली म्हणजे भंगारवाल्याचं माहेर. भिंतीला टेकवलेली सतरा दारं, ज्यांच्यामागे काहीच नाही. बुटांचे एकशेसाठ जोड, त्यातले निम्मे डावे. एक कुरकुरणारी खुर्ची, जिने आजवर जहाज, फाशीचा तख्ता आणि एका म्हाताऱ्याचा गुडघा अशी तिन्ही कामं केली होती.

आणि तिचा एक नियम होता. कामावर यायचं ते अर्धपोटी. ना उपाशी, ना पोटभर. माइक इतके तिखट कानाचे की शेजारच्या गल्लीत मुंगी शिंकली तरी पकडतील. उपाशी पोट मध्येच बोलतं आणि भरलेलं पोट तर भाषणच ठोकतं. म्हणून पावाचा एक तुकडा, दोन घोट चहा, बस्स. तीस वर्षांत हा नियम तिने एकदाच मोडला. तोही नेमका त्या ट्रकच्या सिनेमात.

त्या सिनेमाची गोष्ट खरी घडलेली. अकरा वर्षांपूर्वी घाटात बर्फाचा कडा कोसळला आणि एक ट्रक त्याखाली गाडला गेला. आत दोघं, ड्रायव्हर आणि त्याचा मेहुणा. नऊ दिवस केबिनमध्ये, एक बिस्किटाचा पुडा आणि चाटायला खिडकीवरचं बर्फ. दोघंही जिवंत निघाले.

सिनेमा करणारी दिग्दर्शिका वयाने लहान, पण हट्टाने आजीबाई. तिचं नावच पडलं होतं 'खरंखरं'. कारण उठता बसता तिचं एकच, "खरं हवं हो, खरं!" तिने खराखुरा ट्रक मासळीच्या शीतगृहात नेऊन ठेवला आणि दोन्ही नटांना दिवसचे दिवस त्यात बसवलं. एकाची मिशी म्हणे गोठून अशी ताठ झाली की जेवणाच्या सुट्टीत सगळे तिला टोप्या अडकवायचे. मावशीनेही त्या सिनेमासाठी चाळीस किलो मक्याचं पीठ दाबलं. पिठाची पिशवी मुठीत दाबली की हुबेहूब बर्फावर पाऊल पडल्यासारखं करकरतं. महिनाभर तिच्या घरात सगळ्यांच्या मोज्यांत पीठ निघत होतं.

एवढं सगळं करून खरंखरंने ड्रायव्हरला शब्द देऊन ठेवला होता. "काका, सिनेमा आधी तुम्ही बघायचा. एक जरी गोष्ट तुम्हाला खोटी वाटली, तुमची थट्टा केली असं वाटलं, तर मी तो डब्यात घालीन. लोकांना दाखवणार नाही." दोन वर्षांचं काम एका माणसाच्या 'हो' किंवा 'नाही'वर टांगलेलं. पण दिला शब्द तो दिला.

तो दिवस उजाडला. दुपारी तीनचा खेळ, चाळीस खुर्च्यांचं छोटं थिएटर. ड्रायव्हरच्या घरची मंडळी आणि शिवाय आजूबाजूचे वीसएक लोक बोलावलेले. दातांचे डॉक्टर, एक निवृत्त शाळाबाई, कोपऱ्यावरचा शिंपी, कॉलेजातल्या तीन मुली, आणि एक गृहस्थ जे फक्त एसीसाठी आले होते.

बाहेर चहाच्या टेबलापाशी मावशीने ड्रायव्हरला पहिल्यांदा पाहिलं. मोठा दांडगा माणूस, हात खिशात. शेजारी त्याची बायको, आणि तिचा भाऊ, म्हणजेच तो मेहुणा. काटकुळा, डोळे मिश्कील.

ड्रायव्हर त्याच्याकडे वाकून म्हणाला, "भूक लागली का रे?"

"नाही, भावजी."

"नक्की?"

"आत्ताच जेवून आलो की तुमच्याच घरून!"

"झालं सुरू!" बायको करवादली. "माझ्या भावाला जरा सुखाने बसू द्या. येताजाता त्याचं खाणं काढायचं. खादाड आहे का तो?"

मावशी गालातल्या गालात हसत होती. तेवढ्यात तिला कानसेन भेटला. हा सगळे आवाज एकत्र करून त्यांची कमीजास्त मापं बसवणारा. गाता अजिबात येत नव्हतं, पण कान असे की तानसेनाने घाबरावं, म्हणून तो कानसेन.

"मावशी," तो तिचा हात धरून म्हणाला, "तोडलंत! सातव्या दिवसाच्या सीनमध्ये तुम्ही जे पोटाचं टाकलंय ना... दंडवत!"

"कसलं पोटाचं?"

"अहो, ते गुरगुरणं! ड्रायव्हर मेहुण्याच्या छातीला कान लावतो, सगळं चिडीचूप, आणि तेव्हा ते पोट... मी तर काल रात्रीच त्याचा आवाज तीन घरं वर चढवलाय. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल."

मावशीच्या हातातला कप बशीत असा थरथरला की कानसेनने तोही आवाज कौतुकाने ऐकला.

तिला तो दिवस लख्ख आठवला. लेकीने तिची साखर तपासायला माणूस बोलावला होता. "आई, रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही." रक्तवाला काही आला नाही. नऊ वाजले, दहा वाजले, मावशी तशीच उपाशी कामावर गेली. सातव्या दिवसाचा सीन होता. कोटाची फक्त खसखस द्यायची होती, बाकी शांतता. आणि त्या शांततेत तिचं पोट बोललं. तिला ते जाणवलंही होतं. पुन्हा करूया, एवढं म्हणायचं होतं. पण भुकेने डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, म्हणून तिने मनाला समजावलं, कोटाच्या खसखशीत बुडालं असेल, कोण ऐकतंय. आणि घरी जाऊन चार अंडी खाल्ली.

"काढ ते," ती कुजबुजली. "आत्ताच्या आत्ता काढ."

"आता? दार लावलं, दिवे मालवताहेत! चला, चला."

आणि माणूस संपलाय असं वाटतं त्या घडीला, साऱ्या सिनेमातल्या सर्वांत पवित्र घडीला, आपलं पोट मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाणार हे पोटात ठेवून मावशी खुर्चीत बसली.

सिनेमा सुरू झाला. असं म्हणतात की पहिल्या पंधरा मिनिटांत थिएटरातली उष्णता चार अंश उतरली. एसीसाठी आलेले गृहस्थ उठून एसी बंद करून आले. शाळाबाईंनी न विचारता डॉक्टरांचा कोट ओढून घेतला, डॉक्टरांनी न बोलता दुसरी बाही पण दिली. पडद्यावरच्या ड्रायव्हरने एका बिस्किटाचे आठ तुकडे केले, तेव्हा कॉलेजातली एक मुलगी वेफर खात होती. तिचं तोंड थांबलं. तो वेफर तिने चावला नाही, गिळलाही नाही. जिभेवर विरघळेपर्यंत तसाच धरून ठेवला. शिंप्याच्या खिशात पाव होता, तो त्याने बाहेरून नुसता चाचपला, आहे ना म्हणून.

खरा ड्रायव्हर दोन रांगा पुढे बसला होता. मावशीला त्याची पाठ दिसत होती, नुसती दगड.

सातवा दिवस आला.

पडद्यावर मेहुणा हलत नव्हता. ड्रायव्हरने हाका मारल्या, गदागदा हलवलं. मग कान छातीला लावला. खसखस. कोटाची, मावशीच्या हातची. मग शांतता. थिएटरात कुणी श्वास घेत नव्हतं. मावशीने तर गेल्या दहा मिनिटांत एकदाही घेतला नव्हता.

आणि आलं ते.

आधी लांबून ट्रक चढण चढतोय तशी गुरगुर. मग नळात हवा भरल्यासारखं घुडघुड. आणि सर्वांत शेवटी, मांजराच्या पिल्लाने दार उघडा म्हणावं तसं एक बारीक "कुंई?"

त्यानंतर काळजाचे ठोके, धक् धक्, जसे कथेत लिहिले होते तसे. पण ते ऐकतंय कोण?

दुसऱ्या रांगेतून कुणीतरी फस्सकन हसलं. मग एक मुलगी. मग शाळाबाई. बघता बघता सगळं थिएटर खो खो हसायला लागलं. डॉक्टर हसता हसता मध्येच हुंदका देऊन रडायला लागले आणि रडता रडता पुन्हा हसले, त्यांना स्वतःलाच कळेना आपण कोणत्या बाजूला आहोत. मावशीने डोळे मिटले. धरणीमाय, पोटात घे, असं म्हणणार होती, पण पोट हा शब्दच तिला नकोसा झाला.

"दिवे लावा!"

ड्रायव्हर उभा होता. सिनेमा थांबला, दिवे लागले. हसणं जागच्या जागी विरलं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याने खरंखरंला विचारलं. आवाज घोगरा. राग आहे की काय आहे, कळेना.

खरंखरं पांढरीफटक. "काय, काका?"

"ते. पोटाचं." आणि तो गर्रकन मेहुण्याकडे वळला. "तू बोललास?"

"मी? भावजी, आईशप्पथ, मी नाही. मला वाटलं तुम्हीच बोललात!"

"मी कशाला बोलू? आपलं ठरलं होतं ना?"

"काय ठरलं होतं?" बायको दोघांच्या मध्ये घुसली. "कुणाचं पोट? कुणी सांगितलं? मला कुणी काही सांगणार आहे का, की मी नुसतं तिकीट फाडून आलेय?"

"काका, खरंच, ते कथेत नव्हतं," खरंखरं म्हणाली. "मी पण आत्ताच ऐकलं. कानसेन?"

"मला वाटलं, मावशींनी मुद्दाम..." कानसेन म्हणाला.

आणि सगळ्या माना मावशीकडे वळल्या.

आता थापा मारण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा धंदाच तो. दोन उत्तम थापा ओठावर येऊन उभ्याही राहिल्या. एक म्हणजे, आम्ही उपासमारीचा खास अभ्यास केला होता. दुसरी म्हणजे, मशीनमध्ये बिघाड. पण समोर खरंखरं उभी होती, ओठ दाताखाली धरून, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी. त्या पोरीने दोन वर्षं एक खोटं बटणसुद्धा शिवू दिलं नव्हतं.

"ते माझं पोट आहे," मावशी म्हणाली.

"काय?"

"माझं पोट. त्या दिवशी मी उपाशी कामावर आले आणि ते बोललं. मला कळलं होतं, तरी मी गप्प बसले. चूक माझी, सगळी माझी. या पोरीला काही माहीत नव्हतं हो. तुमची थट्टा करायची नव्हती कुणाला. ते काढून टाकतील, पण तेवढ्यासाठी हिचा सिनेमा डब्यात घालू नका."

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पोटाकडे.

"तुमचं?"

"माझंच. दुसऱ्याचं कुठून आणू?"

ड्रायव्हर मधल्या वाटेतल्या पायरीवर मटकन बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. बायको धावली, मेहुणा धावला. हात बाजूला केले तर गडी हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी मिशीपर्यंत आलेलं.

"सांगून टाका आता," मेहुणा म्हणाला. "पोट फुटलंच आहे आपलं."

"मी छातीला कान लावला होता," ड्रायव्हर म्हणाला, "तेवढं खरं. पण याच्या अंगात तीन स्वेटर, त्यावर याचा कोट, त्यावर माझा कोट. छातीतलं काय ऐकू येणार, कपाळ? काही नाही आलं. मी म्हटलं, गेला. आता घरी जाऊन हिला काय सांगू? एकुलता एक भाऊ हिचा, माझ्याच भरवशावर पाठवलेला. मी रडलो. लहान पोरासारखा रडलो. रडता रडता डोकं घसरलं आणि खाली याच्या पोटावर आलं. आणि..."

"गुर्रर्र, कुंई," मेहुण्याने मदत केली.

"पाच दिवस याचं पोटसुद्धा गप्प झालं होतं. भूकच मेली होती. आणि तेव्हा ते बोललं! मी उठून याच्या दोन मुस्काटात मारल्या, म्हटलं, मेल्या, जिवंत आहेस!"

"तीन."

"दोन."

"गाल माझा होता, भावजी. तीन."

"मग तुम्ही मला ठोक्याचं का सांगितलंत?" खरंखरंने विचारलं.

"बाहेर काढलं तेव्हा पेपरवाले समोर. कसं कळलं जिवंत आहे? तर माझ्या तोंडून गेलं, काळजाचा ठोका ऐकला. पोट म्हणायला लाज वाटली हो. सगळ्या बायका डोळे पुसायला लागल्या. आता एकदा काळजावर चढल्यावर पुन्हा पोटावर उतरायचं कसं?"

एसीसाठी आलेले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "बरोबर आहे," आणि नाक शिंकरलं.

बायको नवऱ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "म्हणून तुम्ही हा जेवायला आला की..."

"हं."

"भूक लागली का, भूक लागली का, आणि त्याच्याकडे कलून बसता?"

"एकदा ऐकल्याशिवाय मला घास उतरत नाही," ड्रायव्हर पायरीकडे बघत म्हणाला.

"अकरा वर्षं!" बायकोने त्याच्या दंडावर एक चापट मारली, मग त्याच दंडाला धरून राहिली. "अकरा वर्षं मी तुमच्याशी भांडतेय, माझ्या भावाला खादाड म्हणता म्हणून! आणि तू रे? तुला तोंड नव्हतं?"

"ताई, तोंड होतं. पण ते नेहमी भरलेलं असायचं. तुझे हे वाढतच असायचे."

थिएटर पुन्हा हसलं. पण खरंखरं हसली नाही. ती ड्रायव्हरसमोर येऊन उभी राहिली. "काका, मग सिनेमाचं काय?"

"सिनेमाचं काय म्हणजे?" ड्रायव्हर म्हणाला. "आधी पुढचं लावा! आम्ही अजून सातव्या दिवशीच गाडलेलो आहोत. बाहेर काढा की आम्हाला!"

दिवे मालवले. आठवा दिवस गेला, नववा आला. वरून फावड्याचा आवाज आला. तो पण मावशीचाच, मक्याचं पीठ आणि जुनं झाऱ्याचं पातं. छतावर उजेडाची चीर पडली आणि चाळीस खुर्च्यांमधून एकच लांब श्वास सुटला, एवढा की पडदा म्हणे हातभर मागे फुगला. शिंप्याने खिशातला पाव काढला, मोडला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला अर्धा दिला. मावशीने आपला श्वास सोडला तो बहुधा सर्वांत शेवटी.

बाहेर आल्यावर लोकांना कागद दिले होते, तुम्हाला काय वाटलं ते लिहा म्हणून. डॉक्टरांनी लिहिलं, 'घरी जाऊन भावाला फोन करणार.' वेफरवाल्या मुलीने लिहिलं, 'भूक.' शाळाबाईंनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि खाली लिहिलं, 'बरं वाटलं.' कोट परत करायला त्या विसरल्या.

ड्रायव्हरने कागद घेतला नाही. तो खरंखरंकडे गेला. "दाखवा सिनेमा. सगळ्यांना दाखवा. पण एक गोष्ट खोटी आहे त्यात."

खरंखरंचा चेहरा पुन्हा उतरला. "कोणती?"

"ते धक् धक् काढा. ते मी सांगितलेलं. पोटाचं तेवढं राहू द्या."

"काढलं!" कानसेन म्हणाला. "आणि पोट अजून एक घर चढवू का?"

"खबरदार!" मावशी ओरडली.

"आणि शेवटी नावं येतात ना," ड्रायव्हर म्हणाला, "त्यात लिहा. मेहुण्याचं पोट, आणि पुढे या मावशींचं नाव."

मेहुणा मावशीसमोर येऊन वाकून पाया पडला. "मावशी, म्हणजे आता आपण एका पोटचे झालो."

"अरे देवा," त्याची ताई म्हणाली, "मग माझी पण बहीणच की या!"

"बहीण म्हटलंस तर ऐक," मावशी म्हणाली. जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे जीभ पुन्हा जागेवर आली होती. "हे पोट काही असं तसं नाही. एकदा एका वाघाच्या सिनेमात वाघ आजारी पडला, तेव्हा सगळ्या डरकाळ्या याच पोटाने दिल्या होत्या."

"खरं?" खरंखरंने सवयीने विचारलं.

"निम्मं," मावशी म्हणाली.

टेबलावर आता खाणं मांडलं होतं. सगळे तुटून पडले, नऊ दिवसांचे उपाशी असल्यासारखे. ड्रायव्हरने बशी भरून घेतली, पण खाईना. मेहुण्याकडे कलला. यावेळी बायकोने सगळ्यांना हाताने खूण केली, गप्प. चमचे थांबले. मुली थांबल्या. मावशीने तर तोंडातला घास गालात धरून ठेवला.

गुर्रर्र. कुंई.

"हे मावशींचं!" मेहुणा म्हणाला. "मी आत्ताच जेवलोय."

"माझं कसलं, माझं तोंड भरलंय," मावशी भरल्या तोंडाने म्हणाली.

कानसेनने डोळे मिटले, मान तिरपी केली. "मावशींचं जरा खालच्या पट्टीतलं आहे," तो म्हणाला. "हे यांचंच."

ड्रायव्हरने पहिला घास घेतला.